मार खरा वाटला पायजे

"मार खरा वाटला पायजे, ताई. नाही तं पिच्चर पाहून काय फायदा?"

असं म्हणून गादीवाले चाचा काठी उगारायचे आणि समोरच्या गादीवर अशी हाणायचे, की माझ्या मशीनवरची रिळं उडायची. अमडापूरच्या बाजारात त्यांचं गादीचं आणि माझं शिलाईचं दुकान एकमेकांना लागून. मध्ये एक पत्रा. मी खोळी शिवायची, ते कापूस पिंजून भरायचे आणि भरलेला कापूस सारखा बसावा म्हणून वरून काठीनं बडवायचे.

तुम्ही म्हणाल, यात पिच्चर कुठून आला? अहो, ते नुसते बडवत नसत. गादी म्हणजे व्हिलन. "हे घे, बहिनीच्या नावानं! हे मायच्या नावानं! उठला... पाहा, उठून राह्यला साला... घे अजून!" काल पाहिलेली अख्खी मारामारी गादीवर उतरायची. सुलतानपूरचं एक गिऱ्हाईक तर हात जोडून म्हणालं होतं, "चाचा, पोरीच्या लग्नाची गादी हाय, जिवानिशी मारू नका." चाचा घाम पुसत म्हणाले, "इंटरवल झाला, बसा."

नवा पिच्चर लागला की शुक्रवारी दुकान बंद. जुम्म्याची नमाज झाली की चाचा चिखलीला. शनिवारी सकाळी चहावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यांच्या ओट्यापाशी. निकाल कापसाच्या भाषेत. आवडला तर "लंबा धागा". नाही आवडला तर "कवडी". कवडी म्हणजे शेवटच्या वेचणीत निघतो तो पिवळा, किडका कापूस. एका मोठ्या हिरोचा, टीव्हीवर महिनाभर गाजावाजा झालेला पिच्चर त्यांनी एका शब्दात कवडीत टाकला. काऊन विचारलं तर म्हणाले, "मुंडकं उडालं अन् रगत गुलाबी? सरबत सांडलं का बे? खरं रगत काळं पडते वाळल्यावर."

मोबाईलवरच्या मालिकांवर तर फारच राग. "एका मानसाले मारायले एवढे भाग? आमच्याइथं दुपारच्या आत आटपते."

माझं त्यांचं रोज वाजायचं. मला घरगुती, रडारडीचे पिच्चर आवडतात आणि त्याची मला लाज नाही. मी पत्र्याआडून ओरडायची, "तुमच्या पिच्चरात बाया फक्त किंचाळायले ठेवतात, चाचा!"

"मंग? बाई किंचाळली नाही तं हिरोले कसं समजन?"

त्यांची एकच मुलगी. तिची आई लवकर गेली होती. साखरखेर्ड्याला ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याच्या घरी दिली. तिच्या लग्नाच्या गादीला मी फुलाफुलांची खोळ शिवली. त्या गादीवर मात्र चाचांनी काठी उचलली नाही. तळहातानं दाबत दाबत सगळा कापूस सारखा केला. मी गंमत केली, "आज व्हिलन नाही का?" तर मान वर न करता म्हणाले, "माही लेक झोपनार हाय त्याच्यावर."

पुढं ती माहेरी कमी कमी येऊ लागली. फोन केला की, "बरी हाय अब्बा, काम लय राह्यते." आम्हाला वाटलं, संसारात रमली. रमली कसली!

एक दिवस जावयानं मालवाहू ऑटोत तीच गादी पाठवली, पुन्हा पिंजायला. सासरा गादीवाला, मग बाहेर कशाला टाका? चाचा खूश. आदल्या दिवशीचा पिच्चर लंबा धागा निघाला होता, त्याची गोष्ट सांगत सांगतच त्यांनी गादी ओट्यावर घेतली. मी उसवायला बसले आणि माझा हात थांबला. खोळ माझी नव्हती. निळी, बाजारातली, कोरी करकरीत.

"खोळ काऊन बदलली असन, चाचा?"

"फाटली असन. तू उसव. तं हिरो गोडाऊनमधी घुसते..."

मी उसवली. चाचांनी उशाकडच्या बाजूनं हात घातला आणि कापसाचा गोळा बाहेर काढला. काळा, टणक, पोह्यांचं ताट भरेल एवढा मोठा. त्यांनी तो बोटांनी फोडून पाहिला. नाकाजवळ नेला. हिरो गोडाऊनमध्येच राहिला. सासरच्या त्या मूर्खांना खोळ बदलायची अक्कल सुचली, पण आतला कापूस ज्याच्या हातात जाणार तो बाप आहे, हे सुचलं नाही. घरात गादी पिंजायला निघाली की सासऱ्याकडे टाकायची, एवढंच त्यांना ठाऊक.

चाचांनी पिंजायचं मशीन बंद केलं आणि काठी उचलली. मी म्हटलं, "म्या पन येतो." त्यांनी नको म्हटलं नाही.

साखरखेर्ड्याला पोचलो तेव्हा ती अंगणात भांडी घासत होती. डोक्यावरची ओढणी भुवयांपर्यंत ओढलेली. चाचांनी काही न विचारता ओढणी मागे सारली. कानाच्या वर केस भादरलेले आणि टाक्यांचा जाड वळ. तिनं ओरडून कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

"पाय घसरला होता, अब्बा," ती म्हणाली.

तेवढ्यात जावई घरातून बाहेर आला. तोंडभरून हसला. "बसा ना अब्बा, चहा घ्या."

चाचांनी काठी हाणली. जन्मभर जी काठी ऐकली, तिचा एवढा फुसका आवाज मी कधी ऐकला नव्हता. खांद्यावर कुठंतरी लागली. गादी उलटून मारत नाही हो! जावयानं काठी हिसकली आणि चाचांच्या मनगटावर घातली. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला. ते खाली बसले, तर त्यानं पोटात लाथ घातली. मग पाठीत. मग पुन्हा पोटात. चाचांच्या तोंडातून नुसती हवा निघत होती. शेजारी भिंतीवरून पाहत होते, एकानंही उडी टाकली नाही.

मी त्याच्या दंडाला चावले. हो, चावले! कात्री दुकानात राहिली होती, मी काय करणार? त्यानं मला झटकलं तशी मी भांड्यांवर जाऊन पडले. पण दात चांगले रुतले होते, त्याचं मला आजही समाधान आहे.

तो दंड धरून शिव्या देत होता, तेवढ्यात पोरीनं हात धुतले. बापाला काखेत हात घालून उठवलं. "चला, अब्बा." नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही तिघं तशीच रस्त्यावर आलो.

मनगट वाकडं बसलं ते बसलंच. मग सुरू झाली समजूतदारांची ये-जा. पोराले राग येते, पन दिलाचा चांगला हाय. पोरीचं घर मोडू नका. चाचा सगळ्यांना चहा पाजायचे आणि एकच सांगायचे, "पाठवनार नाही." जावई दुकानापुढं येऊन धिंगाणा घालून जायचा, तेव्हाही आतून तेच उत्तर.

दुकानात नवी काठी आली, ती पोरीनं हातात घेतली. ती बडवायला लागली की चाचा बाजूला बसून म्हणायचे, "हळू मार, बेटा, हळू." शुक्रवारी ते चिखलीला जायचे, पण शनिवारी ओट्यापाशी आलेल्यांना सांगायला काही नसायचं. "मारामारी लागली की म्या भायेर चहा प्यायले जातो, बे. तुमीच पाहून या." माझ्या रडारडीच्या पिच्चरांबद्दल मात्र विचारायला लागले. मला फार वाईट वाटायचं.

थंडीत एका सकाळी ते उठलेच नाहीत. दुपारी जनाजा निघायचा तेव्हा गल्ली भरली होती. आम्ही बाया दारात होतो. जावई आला, स्वच्छ पांढरा सदरा घालून, डोळे पुसत. चपला काढल्या आणि खांदा द्यायला पुढं झाला. नात्यातले एक बुजुर्ग पोरीजवळ येऊन म्हणाले, "पाहा बेटी, बाप गेला. आता याच्याबिगर कोन हाय तुले? खांदा देऊ दे, अन् चाळीसवा दिवस झाला की नांदायले जा."

ती उंबऱ्याबाहेर आली. सगळ्या पुरुषांसमोर, मोठ्यानं, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "ज्या हातानं माह्या अब्बाचं मनगट मोडलं, थो हात जनाज्याले लागनार नाही. लागला तं म्या इथंच आडवी पडतो. माह्या अंगावरून न्या."

"मयतीत असं बोलू नाही, बेटी."

"मंग कधी बोलू?"

चहावाला पुढं आला आणि जावयाला दंडाला धरून बाजूला सारलं. त्याच्या जागी भाजीवाल्यानं खांदा दिला. कलमा म्हणत जनाजा मशिदीकडे वळला. जावई चपला हातात धरून तिथंच उभा होता. तिनं त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं आणि मग पहिल्यांदा किंचाळली.