सात रिकामे बिट

दर रविवारी तीन जण एका खोलीत बसले की किस्से साचतातच. ऐकायला कोणी उरलं नाही की ते जास्तच आठवतात.

आमची खोली आळेफाट्यावर, खताच्या दुकानावर. कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारं सॉफ्टवेअर, शिकायला पुण्यालाच का जायचं, या रागातून मी ग्रुप काढला. पेठची वैशाली आणि येडगावचा सोपान, एवढेच आले. दुकानदार भाऊंची अट एकच, "पोरं येत्यात तवर खोली तुमची."

* * *

पहिल्याच दिवशी मी सांगितलं, 'हो की नाही' साठवायला एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक मावेल एवढी जागा, पुरतो. पण मशीन कमीत कमी एक बाईट, म्हणजे आठ बिट, उचलतं, म्हणून कंपायलर अख्खा बाईट देतो. सात बिट रिकामेच!

वैशाली म्हणाली, "सात खोल्या रिकाम्या? आमच्याकडं दोन खोल्यांत सात माणसं झोपत्यात, ताई!"

* * *

सोपाननं विहिरीवरच्या मोटारीचा प्रोग्रॅम लिहिला. घरी लावला, तर 'चालू' आणि 'बंद', दोन्ही दिवे पेटले! 'चालू की नाही' हे ठेवायच्या जागेला, म्हणजे व्हेरिएबलला, सुरुवातीची किंमतच दिली नव्हती, आत कचरा. कंपायलर धरून चालतो की आत शून्य किंवा एकच असणार. 'बंद'च्या दिव्यासाठी तेच उलटं करायचं तर तो फक्त शेवटचा बिट पलटतो. बाकीचा कचरा तसाच, आणि शून्य नसलेलं काहीही मशीनला 'हो'च, म्हणून दोन्ही वेळा उत्तर 'हो'!

त्याचे वडील म्हणाले, "मोटार ऱ्हाऊ दे, तुझं काय चाललंय ते आधी सांग!"

* * *

मग 'आणि'ची अट शिकवली: दोन्ही गोष्टी 'हो' असतील तरच 'हो'. पहिलंच 'नाही' निघालं की मशीन उडी मारून पुढं जातं, दुसरं तपासतच नाही.

सोपान हसला. "परवा मुलगी बघाया गेलतो. तिच्या बापानं इचारलं, नोकरी हाय का? न्हाई म्हणलो. पुढचं कुणी इचारलंच न्हाई, राव!"

आम्ही पोट धरून हसलो. पुढच्याच महिन्यात तो चाकणला कंपनीत लागला. रविवारीही शिफ्ट.

* * *

वैशालीला पुण्यात काम मिळालं. जाताना म्हणाली, "ताई, तुमीबी चला की!"

"मग इथं कोण थांबणार?" मी चिडलेच.

तिनं बॅग उचलली.

* * *

गेल्या रविवारी वर मी एकटीच. भाऊ नेहमीसारखे तीन चहा जिन्यावर ठेवून गेले. मी तिन्ही प्यायले आणि संध्याकाळी कप खाली नेऊन दिले.

भाऊंनी कपांकडं पाहिलं. "आज लई येळ बसला व्हता तिघं!"

वर यायचा जिना त्यांच्या गल्ल्यासमोरूनच जातो.