जपानी आजी आणि बोटवाल्यांचा भोंगा

गेल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता देवबागच्या ग्रामसभेने आमच्या जपानी आजीला हसून खाली बसवलं. हा अन्याय आहे आणि मी त्याला अन्यायच म्हणणार. उभ्या सिंधुदुर्गात तिच्याइतकी तयारीची बाई दुसरी नाही!

आजीचं लहानपण लढाईतल्या बर्लिनमध्ये गेलं. वडील तिथल्या एका जपानी पेढीत नोकरीला. शहर पडल्यावर रशियनांनी या जपानी कुटुंबांना आगगाडीत कोंबून सैबेरियामार्गे पूर्वेकडे धाडलं. पुढे आजीने जहाजावरच्या एका देवबागकर इंजिनिअरशी लग्न केलं, मालवणी शिकली, नवरा गेल्यावर खानावळ काढली. पण बर्लिन काही तिने सोडलं नाही. दिवेलागणीला खिडक्यांवर काळे पडदे. दारात वाळूची बालदी, आगीच्या बॉम्बसाठी. मासे विकणारी शेजारीण चिडवते, "गो आजये, सगळो गाव वाळयेत बसलो हा, तुका बालदी कशाक?" आजी गुरकावते, "गावातली वाळू आगीर आपसून धावत येतली?"

आता पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटवाल्यांनी धक्क्यावर भोंगा बसवलाय. फेरी सुटली की बोंबलतो, थेट हवाई हल्ल्यासारखा. तो वाजला की आजी गिऱ्हाइकांना टेबलाखाली घालते. "ताटां घेवन खाली बसा! जेवूचा थांबव नकात!" पुण्याच्या काही मंडळींनी अख्खी सुरमई खाली बसूनच संपवली, वर तिथेच सोलकढी मागवली. ताट कशाला, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाली, "तळघरात आवशीन माझ्या हातार भाताचो गोळो ठेवल्यान. तोंडात घास आसलो की रडाक येणा नाय."

सभेत तिने एवढंच मागितलं: भोंग्याऐवजी शिट्टी वाजवा. बोटवाल्यांचा पुढारी ओरडला, "आजये, लढाई कधीच संपली!"

"माका म्हायत आसा रे झिला. माझ्या कानांक कोण सांगतलो?"

सभा खो खो हसली. शिट्टीला काय धाड भरलीय, हे एकानेही विचारलं नाही.

काल दुपारी खानावळीत गिऱ्हाईक नव्हतं. भोंगा वाजला म्हणून मी डोकावलो. आजी एकटीच टेबलाखाली. तोंडात घास होता, तरी डोळे वाहत होते. शेजारची जमीन थोपटत म्हणाली, "ये रे, बस."

बसलो.

वाचकहो, देवबागला बोटीत बसायला याल, तेव्हा तिकीट काढण्याआधी बोटवाल्याला तोंडावर सांगा: आधी भोंगा उतरव, मग आम्ही चढतो.