इथं नाही

“पहिले कुठं पाह्यलं?”

फाईल सापडत नाही असं सांगायला आलेल्या प्रत्येकाला आमच्या रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाई हेच विचारायच्या. चष्मा कपाळावर, हातात कोरी चिठ्ठी. मला कुणी वेळ विचारली तरी गुन्हा कबूल करायला बोलावल्यासारखं वाटतं. नागपूरच्या त्या जमिनीच्या कचेरीत नवा कारकून होतो तेव्हा या प्रश्नाची मला धास्तीच होती.

“चुकलो बाई. विहिरीची फाईल ‘व’ मध्ये पाहिली.”

“चुकलो काहून म्हणतं गा? जिथं तुनं पाह्यलं, तिथं उद्या दुसराही पाहीन.”

आणि त्यांनी ‘व’ च्या रॅकवर चिठ्ठी लावली : ‘इथं नाही. क पहा. कुआँ.’

आमच्याकडच्या जुन्या फायली आधीच्या राज्याच्या काळातल्या, म्हणून हिंदीतल्या; नव्या मराठीतल्या. जुनी नावं बदलावीत, तर निकालांमधले उल्लेख जुळेनासे होणार. म्हणून बाईंनी फायली जागच्या जागी ठेवल्या आणि माणूस जिथं जिथं चुकतो, तिथं तिथं चिठ्ठी लावली. माझ्या चुकांनी जवळजवळ एक रॅक सजलं होतं. पुढे पुढे मला त्याची लाज वाटेनाशी झाली. माझ्यासारख्याला ही गोष्ट किती मोठी, हे तुम्हाला कसं सांगू?

जरीपटक्याहून सायकलने येणाऱ्या या बाईंची पद्धत बघायला इतर कचेऱ्यांतले लोक यायचे. मी एकदा म्हणालो, “सगळंच सांगून टाकता, मग तुमचं काय राहील?”

“माह्यापाशी ठेवून काय लोणचं घालू? नेऊ दे. फक्त काही चांगलं सुचलं तं मले सांगायले या म्हणा.”

लोक खरंच सांगायला येत. फायली वर्षावार वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी बांधायची कल्पना शेजारच्या कचेरीतल्या शिपायाची. बाई ती प्रत्येकाला त्या शिपायाचं नाव घेऊनच दाखवत.

मग नवे साहेब आले, पुण्याकडचे. वरून तपासणी येणार होती. त्यांना काचेची कपाटं हवी होती, एकसारखी लेबलं हवी होती. “आणि हा चिठ्ठ्यांचा कचरा काढा.”

“पहिले सापडू द्या साहेब. रंगरंगोटी मंग.”

“बाई, हा हुकूम आहे.”

बाईंची रजा मंजूर होती, लेकीच्या बाळंतपणाची. “आल्यावर पाहू,” एवढंच बोलून त्या गेल्या. चिठ्ठ्या तशाच राहिल्या.

त्याच आठवड्यात विणकर वस्तीतली एक विधवा सुनावणीला आली. नवऱ्यामागे घराची जागा तिच्या नावावर व्हायची होती. दीर म्हणत होता, जागा माझी. मूळ फाईल समोर आली नाही तर निकाल त्याच्या बाजूने जाणार, हे त्यालाही ठाऊक होतं. इस्त्रीचा शर्ट घालून तो निवांत बसला होता.

“बाई नाही का?” ती मला म्हणाली. “मंग माह्या जाग्याचं कसं होईन जी?”

मी धावलो. तिला वस्तीत कोष्टीण म्हणत, म्हणून ‘क’ पाहिलं. मागोमाग वैतागून साहेबही आले आणि ‘व’ कडे वळले, विणकर म्हणून. दोघांच्याही हाताला चिठ्ठीच लागली. साहेबांनी आपली मोठ्याने वाचली : “इथं नाही. ब पहा. बुनकर.”

‘ब’ मध्ये फाईल होती. जागा तिच्या नावावर झाली.

बाई रजेवरून परतल्या, पेढे वाटले, नात झाली होती. साहेबांनी फाईल सापडल्याचं सांगितलं. बाईंनी सवयीने चष्मा वर चढवला.

“साहेब, पहिले कुठं पाह्यलं?”

“‘व’ मध्ये,” साहेब म्हणाले. माझ्याइतक्याच खालच्या आवाजात! मग स्वतःच हसले. “राहू द्या चिठ्ठ्या. कपाटांचं नंतर बघू.”

त्या दिवशी बाई रॅकांमधून अशा चालत होत्या, जणू परेडची सलामी घेत आहेत. आणि मी त्यांच्या मागून फायली घेऊन चाललो होतो, मान ताठ ठेवून.

बाई निवृत्त झाल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सवयीने त्यांच्या टेबलाशी गेलो. खुर्चीच्या पाठीवर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी होती :

‘इथं नाही. रॅकवर पहा.’

शिपाई ती काढायला निघाला. मी त्याला थांबवलं. लोक जोवर चुकून तिथं येतात तोवर चिठ्ठी काढायची नाही, हा बाईंचाच नियम होता. आणि लोक अजून आधी त्या खुर्चीकडेच येत होते.