चव बघणं म्हणजे खाणं नव्हे

आचाऱ्याने मीठ सोडलं, ही बातमी कारखान्याच्या कँटीनमध्ये मीठ-मिरची लावूनच पसरली. हसणारे पोट धरून हसले. त्याला मात्र हसू येत नव्हतं. त्याचा थोरला भाऊ, तोही आचारीच. त्याला ऐन पन्नाशीत रक्तदाबाने गाठलं आणि झारा धरायचा उजवा हात कायमचा लुळा पडला. आता यालाही पन्नाशी लागली होती आणि रक्तदाबही चढलेला निघाला होता. दंडावर रक्तदाब मोजायचा पट्टा आवळला, की आकडा कळायच्या आधीच त्याला भावाचा हात आठवायचा.

डॉक्टर म्हणाले होते, "मीठ कमी करा, रोज चाला, वजन उतरवा. महिन्याने बघू. रक्तदाब नाही उतरला तर गोळी सुरू करायची, मग कुरकुर चालणार नाही."

गडी झपाटल्यासारखा मागे लागला. पहाटे चालणं, विडी बंद, घरचं जेवण ठार अळणी, दुपारचा डबाही घरचाच. बायकोही तेच गिळत होती, तोंड वाकडं न करता. महिन्याने पट्टा आवळला, तर आकडा जागचा हलला नव्हता.

बायको दवाखान्यात सोबतच होती. घरी येऊन दार लावल्यावर म्हणाली, "खरं सांगा. बाहेर काही खाता?"

"तुझी शपथ, मिठाचा कणसुद्धा नाही!"

"मग आकडा काय हवा खाऊन चढतो?"

तो ताट सारून उठला. एवढं करून चोर ठरावं, हे त्याच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी विसरलेला चष्मा द्यायचं निमित्त करून ती थेट भटारखान्यात आली आणि स्टूल ओढून बसली. तो पाठमोरा होता. रस्स्याला उकळी आली, तसे त्याने पळीतले थेंब तळहातावर घेतले, चाटले, मीठ टाकलं, पुन्हा चाटले. मग भाजी. मग सूप. मग पुन्हा रस्सा.

"अहो, हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? चव बघतोय."

"आणि पोटात जातंय ते?"

"अगं, चव बघणं म्हणजे खाणं नव्हे!" तो हसत म्हणाला आणि मध्येच थांबला. त्याने तळहाताकडे पाहिलं. दिवसभर आपण तिथूनच मीठ खात होतो, हे आत्ता त्याच्या डोक्यात शिरलं.

उरलेला स्वयंपाक त्याने चव न बघताच उतरवला. दुसऱ्याच्या जिभेवर त्याचा विश्वास नव्हता. त्याच्या हातच्या जेवणावर आजवर कोणी वरून मीठ मागितलं नव्हतं, हीच त्याची सारी ऐट. जेवणाची घंटा झाली तसा तो वाढपाच्या खिडकीआड उभा राहिला. बायको शेजारी. पहिला घास वेल्डरने घेतला. चावला. थांबला. मग मान वर करून ओरडला, "आचारी, मीठ कुठंय?"

सगळ्या माना वळल्या. आचाऱ्याचा चेहरा खाडकन उतरला. सवयीने हात पळीकडे गेला, तसं बायकोने मनगट धरलं.

"त्यांना मीठ वरून घेता येतं," ती म्हणाली. "तुम्हाला मी कुठून आणू?"

त्याने पळी खाली ठेवली. मिठाची बरणी उचलली आणि सगळ्यांदेखत स्वतःच वेल्डरच्या टेबलावर नेऊन ठेवली.