ती बाई बिशप नव्हती

थेन ल्युएलिन माझ्या तळघरातल्या खोलीत भाड्याने राहायचा. आयडाहोचा, मॉर्मन या ख्रिस्ती पंथातला पोरगा, चोवीस वर्षांचा. धर्मात मना म्हणून कॉफीला शिवायचा नाही, दूध मात्र ढोसायचा. धर्मप्रसारासाठी दोन वर्षं आर्मेनियात काढल्यामुळे तिथली भाषा फाडफाड बोलायचा. इथल्या हेरखात्याच्या बिनपाटीच्या कार्यालयाला अशीच पोरं हवी असतात. त्याचा थोरला भाऊ डॅलिन तिथेच नोकरीला होता. मीही तिथे एकतीस वर्षं घालवली आणि खोटं पकडणाऱ्या मशीनच्या, पॉलिग्राफच्या, खुर्चीत सहा वेळा बसले.

थेननेही तिथे अर्ज केला आणि पॉलिग्राफच्या पहिल्याच फेरीत अडकला.

"मिसेस प्रूइट, 'एखादा गुन्हा लपवलायस का' विचारलं की छातीत धडधडतं. गुरुवारी परत बोलावलंय."

"काय लपवलंयस? चर्चमधला केक?"

तो हसला नाही. मग मीही थट्टा सोडली.

"हे बघ, हो किंवा नाही, बस्स. मशीनवर प्रश्न विचारणारी ती बाई गोड बोलेल, पाणी देईल, मनात काही डाचतंय का विचारेल. भुलू नकोस."

त्याने मान डोलावली. पण ही पोरं बारा वर्षांची झाल्यापासून चर्चच्या बिशपपुढे कबुली द्यायला बसतात. दार लावलेलं असतं, बिशप एकेक प्रश्न विचारतो, पोरं मनात टोचेल ते सांगून मोकळी होतात. तिथलं बाहेर जात नाही. त्या बाईच्या खोलीचंही दार लावलेलं होतं.

गुरुवारी थेन शीळ घालत आला आणि दोन सँडविच फस्त केली.

"सांगून टाकलं. मशीन एकदम गप्प!"

"काय सांगितलंस?"

"माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वेदनेच्या गोळ्या होत्या ना, त्या डॅलिन चोरून घ्यायचा. कॉलेजात असताना. त्याने नोकरीच्या फॉर्ममध्ये ते लिहिलं नव्हतं. मी कुणाला सांगणार नाही म्हणून वचन दिलं होतं."

"अरे गाढवा, ती बिशप होती का?"

"पण तिने किती शांतपणे ऐकून घेतलं!"

ती बाई प्रत्येक शब्द लिहून वर पाठवते, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. शेंबड्या पोरालाही कळतं, असं मी धरून चालले. त्याबद्दल मला आजही स्वतःचाच राग येतो.

महिन्याभराने थेनला नोकरीचं पत्र आलं. त्याच रविवारी डॅलिन चर्चमधून परस्पर माझ्याकडे आला, टाय अजून गळ्यातच. थेन जिना चढून वर आला.

"बिल्ला काढून घेतला," डॅलिन म्हणाला. "सामान खोक्यात भरून फाटकावर दिलं. कुणाकडून कळलं ते सांगता येत नाही म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या."

"मला वाटलं होतं, तुझ्याही मनावरचं ओझं जाईल," थेन पुटपुटला.

"तुझी वहिनी आठवडाभरात बाळंत होईल, थेन."

थेनला रडू फुटलं. त्याने खिशातलं पत्र काढून भावापुढे धरलं, जणू ते त्याला देऊन टाकता आलं असतं. डॅलिनने ते वाचलं आणि पुन्हा नीट घडी घालून त्याच्या खिशात ठेवलं.

"आईचा फोन येईल, तेव्हा गडबडू नकोस. नोकरी का गेली ते तिला सांगितलंय. कुणामुळे ते नाही सांगितलं, आणि सांगणारही नाही."