देवाच्या ताटातले खेकडे

कॉलेजच्या झूलॉजी विभागात किस्से साठतात ते बरण्यांसारखे. लेबलं गळून पडतात, वास तेवढा राहतो! आमची टीम म्हणजे मॅडम, ड्रायव्हर रफिकभाई आणि मी. घोटीच्या पुढे नदीत एक डोह आहे, काठावर देऊळ. तिथले उरलेसुरले म्हाशीर मासे काय खातात आणि ते त्यांना मिळतं का, एवढंच आम्ही बघतो. माशाला मारायचं नाही. नळीने पोटात हळूच पाणी सोडायचं, खाल्लेलं बाहेर आलं की मासा परत डोहात.

*

या कामापायी माझं एक चांगलं स्थळ गेलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "जॉबचं नेमकं स्वरूप?"

"माशांना उलट्या करायला लावतो."

पोहे तसेच राहिले!

*

पहिल्याच माशाच्या पोटातून निघाले भक्तांनी टाकलेले मुरमुरे आणि शेव. रफिकभाई ओरडले, "मॅडम, ये तो चखना है!"

मॅडम हसल्या नाहीत. म्हाशीरला हवेत खेकडे, गोगलगायी, दगडाखालचे किडे. आम्ही दगड उचलून पाहिले, तर खाली नुसती वाळू. "उपाशी मरतील रे हे," मॅडम म्हणाल्या.

*

काठावरच्या देवळाचं सगळं नाना बघतात. ते छाती पुढे काढून म्हणाले, "म्हाशीर आमचा देव हाय. गावात कुणी त्याला हात लावीत नाय!"

"आणि खेकडे?"

"ते लय खातो! आमच्या डोहातल्यावानी रस्सा कुठंच नाय!"

मॅडमचा पारा चढला. "अहो नाना, देवाला हात लावत नाही आणि त्याचं ताट पळवता?"

दुसऱ्या दिवशी गावाने नारळ फोडून शपथ घेतली, डोहातला खेकडा बंद, त्यासाठी दगड उलथणंही बंद. पहिली शपथ नानांची.

*

मग नानांचे फोन सुरू झाले. "मॅडम, देव जेवला का? हितं मी नुसत्या वांग्यावर हाय!"

*

पावसाळा सरल्यावर परवा पुन्हा गेलो. नळी मॅडमनी स्वतः धरली. पाणी सोडलं. आधी किडे आले, मग गोगलगायीचे तुकडे, आणि शेवटी खेकड्याची चांगली जाडजूड नांगी! मॅडम पाण्यातच मटकन बसल्या. "हुश्श! जेवतायत रे बाबा!" रफिकभाईंनी टाळ्या पिटल्या. माझाही जीव भांड्यात पडला.

नाना वाकले. त्या नांगीकडे बराच वेळ बघत राहिले. मग माशापुढे हात जोडून हळूच म्हणाले,

"देवा, एकट्यानंच?"