मोडलेल्या बँडची पुढची रेकॉर्ड

आमगावच्या रत्नपाल गजभियेचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटरी उघडायच्या, काळी पडलेली तार काढायची, नवी गुंडाळायची. हाताला कायम वार्निशचा वास. पण गिटार मात्र तो अंघोळ केल्याशिवाय हातात घेत नसे.

गिटारचा नाद त्याला लावला ईश्वरदासांनी. हे रेल्वेत गार्ड होते, बरीच वर्षं खरगपूरकडे नोकरी करून आमगावात स्थायिक झालेले. पंखा दुरुस्त करायला गेलेल्या रत्नपालला त्यांनी एका इंग्रजी बँडच्या सहा कॅसेटी ऐकायला दिल्या. चार जणांचा बँड. रत्नपालला शब्द कळत नव्हते, पण ती गिटार कळली. तीन वर्षं त्याने त्या कॅसेटी घासून घासून ऐकल्या. १९९९ साली तो ईश्वरदासांकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, यायची नवी कॅसेट आली असन ना जी आता?"

ईश्वरदास हसले. "अरे, हा बँड तुटून वीस वर्षं झाली. भांडले आणि गेले चौघं चार दिशांना."

रत्नपाल सायकल हातात धरून घरी चालत आला. घरातलं कोणी गेल्यासारखं त्याला वाटत होतं. पण दोन-चार दिवसांनी त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. समजा, हे भांडलेच नसते तर? सहाव्या कॅसेटनंतर सातवी कशी झाली असती?

तेव्हा रत्नपालचा स्वतःचाही एक ग्रुप होता. तो गिटारवर, त्याचा शाळासोबती अश्विन गायला आणि भोजराज ड्रमवर. बुद्धजयंतीला, लग्नात वाजवायचे. रविवारी दुपारी एका बंद राइस मिलच्या गोदामात सराव चाले. तिथे कोंड्याच्या धुळीत बसून रत्नपाल त्या बँडचं न घडलेलं आयुष्य सांगायचा. गाणाऱ्याचा आवाज वयाने जाड झाला असता, मग तो खालच्या पट्टीत गायला लागला असता. ड्रमवाल्याने अर्धे ड्रम काढून टाकले असते. एक पूर्ण रेकॉर्ड बिनशब्दांची निघाली असती. म्हातारे होत होत ते हळू आणि खोल होत गेले असते, विहिरीसारखे.

अश्विनला हे पटत नसे. "काही नाही बे. बाजार पाहून कीबोर्ड घेतला असता, नाचाचं वाजवलं असतं. पोट कोणाले चुकलं आहे?"

"ते तसे नोहोत," रत्नपाल म्हणायचा.

"सारे तसेच रायते," अश्विन म्हणायचा.

या वादात २००१ साली रत्नपालने एक संथ चाल बांधली. ती त्याच्या हिशेबाने त्या बँडच्या अकराव्या रेकॉर्डमधली. चार सूर चढायचे, पाचव्यावर थांबायचे आणि तिथून उतरायचं नावच घ्यायचे नाहीत. भोजराजने ती ऐकून काठ्या खाली ठेवल्या. अश्विनने ती त्या दिवशी पुन्हा पुन्हा वाजवून घेतली.

दोन वर्षांनी अश्विन ग्रुप सोडून गेला. त्याने मेटॅडोर घेतली, तिच्यावर भोंगे चढवले आणि धुमाल पार्टी काढली. वरातीपुढे छाती फुटेल असा दणका. भोजराज मजुरीला बाहेर पडला आणि पुढे काही वर्षांनी तिरोड्याच्या वीज प्रकल्पाच्या कामावर लागला. रत्नपाल राहिला एकटा, तरी त्याच्या मनातला तो बँड चालू होता. दर वर्षी एक रेकॉर्ड. मोटरीवर तार गुंडाळताना तो ती ऐकायचा आणि घरी आल्यावर मुलीला तिच्याबद्दल सांगायचा.

२०१२ च्या उन्हाळ्यात त्याची मुलगी समीक्षा कॉलेजातून आली आणि मोबाइल त्याच्यापुढे धरून म्हणाली, "बाबा, हा तुहा बँड होय ना? परत एक झाला म्हनते."

रत्नपालने चष्मा पुसून पाहिलं. चार म्हातारे. केस काळेकुळकुळीत रंगवलेले, पोटावर ताणलेले चमकते शर्ट. मागे कुठल्याशा थंड पेयाची भलीमोठी पाटी. तीच जुनी गाणी, दुप्पट पळवलेली. गाणारा वरच्या सुराला पोचत नव्हता, तेव्हा माइक लोकांकडे करत होता आणि वरून डोळाही मारत होता. चौघं एकमेकांकडे एकदाही पाहत नव्हते.

"बंद कर," रत्नपाल म्हणाला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बायको अल्काने विचारलं, तर तो एवढंच म्हणाला, "भातात केस निंगाल्यासारखं होऊन राहिलं."

त्याच महिन्यात अश्विन दुकानात आला. अंगाने सुटलेला, गळ्यात जाड साखळी. म्हणाला, "आपला ग्रुप परत उभा करतो. कोहमाऱ्याले मुन्नालालच्या ढाब्याचं उद्घाटन आहे. भोजराज येऊन राहिला. तू गिटार घेऊन ये फक्त."

रत्नपाल नाही म्हणणार होता. पण भोजराज येणार, हे ऐकून तो गेला.

भर दुपारी, हायवेवर ट्रक थांबलेले, मंडपात फोडणीचा धूर. भोजराज आधीच ड्रमच्या मागे बसला होता. त्याने मान खाली घातली. रत्नपालने गिटार काढली आणि वायर शोधू लागला.

"वायर नाही लागत," अश्विन म्हणाला. "सारं पेनड्राइवमध्ये आहे. तू नुसता हात हालव."

त्याने बटण दाबलं. पहिले चार सूर चढले आणि रत्नपालने ओळखलं. ती त्याचीच चाल होती. पाचवा सूर आला, पण तिथे थांबायला कोणी तयार नव्हतं. खालून धुमालचा दणका आला आणि अश्विन मुन्नालालच्या तंदुरी कोंबडीचं गुणगान गाऊ लागला. लोक उठून नाचायला लागले. एकाने रत्नपालच्या शर्टात दहाची नोट खोचली.

रत्नपालला किळस आली, पण त्याहून मोठी किळस पुढे आली. त्याने खाली पाहिलं, तर त्याची बोटं तारांवर फिरत होती. दणक्याच्या तालात, बरोबर. कोणी धरून ठेवलं नव्हतं, तरी तो अर्धा तास तसाच उभा राहिला, आणि अश्विनने खूण केली तेव्हा हसलाही.

मग तो ढाब्यामागच्या नळावर गेला आणि हात चोळत राहिला. अश्विन मागून आला.

"चाल न विचारता घेतली, राग आला का?"

"तुह्यावर रागावून काय करू? तू तर पयलेच सांगत होता."

"काय सांगत होतो?"

"का सारे तसेच रायते म्हनून. म्या म्हटलं ते तसे नोहोत." रत्नपालने हात पँटला पुसले. "मी बी तसाच निंगालो. याची घान वाटून राहिली मले."

अश्विन भोंगे उतरवायला निघून गेला. भोजराजने बसस्टँडपर्यंत सोबत केली. बस आली तेव्हा भोजराज म्हणाला, "कायले आलो आपन?" रत्नपाल गिटार घेऊन बसमध्ये चढला.

पुढे काही महिने त्याने मनातली रेकॉर्ड लावून पाहिली. पण गाणाऱ्याने तोंड उघडलं की रंगवलेले केस दिसायचे, आणि त्याच्या शेजारी शर्टात दहाची नोट खोचलेला तो स्वतः. समीक्षाने एकदा विचारलं, "आता त्यायची कितवी कॅसेट चालू आहे, बाबा?"

"नाही चालू. सहावीनंतर मोडले ते," रत्नपाल म्हणाला. "बरं केलं त्यायनं. तेव्हाच मोडले तेच बरं."

लग्नसराईत अश्विनची गाडी अजूनही आमगावातून जाते आणि ती चाल दुकानाच्या काचा हलवते. रत्नपाल मान वर करत नाही. तो ग्राइंडरचं बटण दाबतो, एखादा जुना शाफ्ट चाकावर धरतो आणि गाडी रेल्वे फाटकाच्या पलीकडे जाईपर्यंत घासत राहतो.